जास्त पिकअप की जास्त पल्ला?

इलेक्ट्रिक गाडी घ्यायची हे ठरले, कोणती घ्यायची हेही ठरले. पण त्याच गाडीचे दोन प्रकार समोर आले की घरात वाद सुरू होतो. एक प्रकार चपळ, दुसरा लांब पल्ल्याचा. कुटुंबाच्या खऱ्या गरजेचा कोणता?

मराठी घरात गाडीची चौकशी वर्षानुवर्षे एकाच प्रश्नाने सुरू होत आली आहे, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ गाडीचा रंग, डिकी आणि किंमत हे विषय त्यानंतर येत. आता हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या दारात येऊ लागल्या आणि प्रश्न थोडा बदलला, ‘एका चार्जमध्ये किती जाते?’ आणि त्याच वेळी घरातल्या तरुणाचा दुसरा प्रश्न तयार असतो, ‘शून्य ते शंभर किती सेकंदांत?’

हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण शोरूममधल्या झगमगाटात त्यांची उत्तरे एकमेकांत मिसळून जातात आणि गरज नसलेल्या गोष्टीसाठी दोन-चार लाख रुपये जास्त मोजले जातात. मध्यमवर्गीय कुटुंबात घराखालोखाल सर्वांत मोठी खरेदी गाडीचीच असते. म्हणूनच सही करण्याआधी हा हिशेब नीट समजून घ्यायला हवा.

बॅटरी वाढते की मोटर?

सर्वप्रथम एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी आणि मोटर म्हणजे पंप. टाकी मोठी असेल तर पाणी जास्त दिवस पुरते, पंप मोठा असेल तर धार जोरात येते. बॅटरीची क्षमता किलोवॅट-अवर या मापात सांगतात. हे माप घाबरवणारे वाटले तरी अगदी ओळखीचे आहे. घरच्या वीजबिलात ज्याला आपण युनिट म्हणतो तेच हे माप. ७५ किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे ७५ युनिट वीज मावणारी बॅटरी.

भारतात मिळणाऱ्या बऱ्याच गाड्यांत मोठी बॅटरी घेतली की पल्ला आणि जोर दोन्ही वाढतात, कारण मोठी बॅटरी एका वेळी जास्त वीज देऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिकचे उदाहरण घ्या. त्या वेळी तिच्या ४२ युनिटच्या बॅटरीला ३९० किलोमीटरचा पल्ला आणि १३५ पीएसची ताकद होती, तर ५१.४ युनिटच्या बॅटरीला ४७३ किलोमीटर आणि १७१ पीएस. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झाल्या. त्यांच्यातही ५९ युनिटच्या बॅटरीपेक्षा ७९ युनिटची बॅटरी लांब जाते आणि जोरही जास्त देते. इथे निवड फक्त खिशाची असते.

खरा पेच पडतो तो बॅटरी तीच ठेवून दुसरी मोटर बसवलेली असते तेव्हा. अशा गाडीत पुढची आणि मागची दोन्ही चाके ओढतात, जोर वाढतो, पण टाकी तेवढीच राहते आणि गाडीचे वजन मात्र वाढते. मार्च २०२४ मध्ये भारतात आलेली बीवायडी सील ही सेडान याचा सर्वांत ठळक नमुना आहे. तिच्या प्रीमियम आणि परफॉर्मन्स या दोन्ही प्रकारांत ८२.५६ युनिटचीच बॅटरी. प्रीमियमचा जाहीर पल्ला ६५० किलोमीटर आणि शून्य ते शंभरचा वेळ ५.९ सेकंद. परफॉर्मन्सचा वेळ ३.८ सेकंद, पण पल्ला ५८० किलोमीटर. सुरुवातीच्या किमती अनुक्रमे ४५ लाख ५५ हजार आणि ५३ लाख रुपये. म्हणजे साडेसात लाख रुपये जास्त मोजून दोन सेकंद कमवायचे आणि ७० किलोमीटर गमवायचे!

टेस्लाने १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात दालन उघडले, तेव्हा मॉडेल वाय गाडीचे दोन प्रकार ठेवले. एक ५०० किलोमीटरचा आणि दुसरा ६२२ किलोमीटरचा. त्यांच्या किमतींतले अंतर होते आठ लाख रुपये. तिथे प्रश्न केवळ पल्ल्याचा होता.

तेव्हा शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच विचारावा, ‘वरच्या मॉडेलमध्ये बॅटरी वाढते, की नुसती मोटर?’

एक लाख कशाचे, चार लाख कशाचे?

आता कुटुंबाच्या गाडीकडे वळू. टाटा हॅरियर ईव्ही ३ जून २०२५ रोजी सादर झाली. तिच्यात ६५ आणि ७५ युनिट अशा दोन बॅटऱ्या आणि ७५ युनिटच्या बॅटरीवर दोन मोटरींचा एक प्रकार, असे तीन पर्याय होते. सुरुवातीच्या एक्स-शोरूम किमती पाहिल्या तर हिशेब डोळ्यांसमोर येतो.

मधल्या श्रेणीत ६५ युनिटची गाडी २३ लाख ९९ हजारांना आणि त्याच श्रेणीतली ७५ युनिटची २४ लाख ९९ हजारांना होती. म्हणजे जास्त पल्ल्याची किंमत एक लाख. दोन मोटरींची गाडी मात्र फक्त सर्वांत वरच्या श्रेणीत मिळत होती. त्या श्रेणीत एका मोटरची गाडी २७ लाख ४९ हजार आणि दोन मोटरींची २८ लाख ९९ हजार. विक्रेता सांगतो, ‘साहेब, फक्त दीड लाखाचा फरक आहे.’ ते खोटे नाही. पण ज्या कुटुंबाला वरच्या श्रेणीतली छानछोकी नकोच आहे, त्याच्यासाठी २४ लाख ९९ हजारांवरून ही उडी चार लाखांची ठरते.

हे चार लाख कर्जाने घेतले तर? समजा व्याज ९ टक्के आणि मुदत ५ वर्षे. महिन्याचा हप्ता साधारण ८,३०० रुपयांनी वाढतो आणि मुदत संपेपर्यंत चार लाखांचे जवळजवळ पाच लाख होतात. याच्या शेजारी विजेचा खर्च ठेवून बघा. महिन्याला १,००० किलोमीटर धावणाऱ्या आणि युनिटला ६ किलोमीटर देणाऱ्या गाडीला १६७ युनिट लागतील. ९ रुपये युनिट धरले तर दीड हजार रुपये. म्हणजे महिन्याच्या विजेच्या पाचपट पैसे केवळ वाढलेल्या हप्त्यात जातात. पेट्रोल वाचवायचे म्हणून इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याने हा आकडा दोनदा वाचावा.

कागदावरचे किलोमीटर

हॅरियर ईव्हीच्या ७५ युनिटच्या एका मोटरच्या गाडीचा जाहीर पल्ला ६२७ किलोमीटर आणि दोन मोटरींच्या गाडीचा ६२२ किलोमीटर होता. पाचच किलोमीटरचा फरक! पण हे आकडे प्रयोगशाळेतल्या भारतीय चाचणीचे आहेत. त्या चाचणीत गाडीचा वेग ९० किलोमीटरच्या वर जातच नाही, शिवाय घाट, रणरणते ऊन आणि डिकीतले सामान हेही तिथे नसते. कंपनीने स्वतःच प्रत्यक्ष रस्त्यावरचा अंदाज वेगळा दिला होता. एका मोटरसाठी ४८० ते ५०५ आणि दोन मोटरींसाठी ४६० ते ४९० किलोमीटर.

हायवेवर तर त्यातूनही कपात होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटरने गाडी पळवली की हा विरोध सव्वादोन पट होतो. उंच, रुंद एसयूव्ही ८० च्या वेगात युनिटला ६ किलोमीटर देत असेल, तर १२० ला ती ४ च्या आसपास येते. म्हणजे ७५ युनिटमध्ये एकदा ४५० किलोमीटर आणि एकदा ३००. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाला परवानगी आहे, पण तिथे उजवा पाय सांभाळला नाही तर दीडशे किलोमीटरचा पल्ला वाऱ्यावर जातो. कोणते मॉडेल घेतले यापेक्षा कोणत्या वेगाने चालवले याचाच परिणाम मोठा.

घाटाची भीती मात्र बऱ्याच जणांना वाजवीपेक्षा जास्त असते. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रस्ता सुमारे साडेपाचशे मीटर चढतो. माणसे आणि सामान धरून अडीच टनांची गाडी एवढी वर न्यायला साधारण ४ युनिट जादा लागतात. परतताना उतारावर मोटरच जनित्र बनते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत भरते. त्यामुळे पल्ल्याचा खरा शत्रू बहुतेक वेळा घाटानंतरचा मोकळा, सरळ रस्ता असतो.

आणखी एक बारकावा. प्रवासात कोणी बॅटरी शून्यावर आणत नाही. निघताना १०० टक्के असली तरी १० टक्के उरले की चार्जर शोधावा लागतो. पुढे फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावते, म्हणून लोक तिथेच निघतात. हायवेवर युनिटला ५ किलोमीटर धरले तर ७५ युनिटची गाडी पहिल्या टप्प्यात सुमारे ३३५ किलोमीटर जाईल आणि ६५ युनिटची सुमारे २९०. नंतरच्या प्रत्येक टप्प्यात फरक केवळ ३५ किलोमीटरचा. आता हे ३५-४५ किलोमीटर तुमच्या वाटेवर कुठे पडतात ते पाहायचे. पुणे-मुंबई जाऊन-येऊन करणाऱ्याला दोन्ही गाड्या पुरतात. मुंबईहून सावंतवाडीला, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटर जाणाऱ्याला दोन्ही गाड्यांत एकदा थांबावेच लागते. पण मोठी बॅटरी असेल तर कुठे थांबायचे याची निवड हातात राहते. गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणच्या रस्त्यावर चार्जरपुढे रांग दिसली, तर पुढच्या गावी जाण्याइतकी वीज शिल्लक असणे ही चैन नाही. गाडीत लहान मूल किंवा मधुमेह असलेले आजोबा असतील तर मुळीच नाही.

जोर कुठे कामी येतो?

जास्त ताकद म्हणजे निव्वळ मिरवणे, असेही नाही. दुपदरी रस्त्यावर ट्रकला मागे टाकताना गाडी उलट्या बाजूला जितका कमी वेळ राहील तितके चांगले. हिमाचल, उत्तराखंड, काश्मीर या भागांत बर्फ असतो. शेतावर किंवा गावच्या घरी जाणाऱ्या वाटेवर पावसाळ्यात चिखल असतो. अशा ठिकाणी चारही चाकांनी ओढणारी गाडी सहसा अडकत नाही. ज्यांचे जाणे-येणेच अशा रस्त्यांवर आहे त्यांनी दुसऱ्या मोटरीचे पैसे निःसंकोच द्यावेत. तो खर्च शहाणपणाचाच आहे.

पण हेही खरे की इलेक्ट्रिक गाडीचा साधा प्रकारसुद्धा जुन्या पेट्रोल गाडीच्या मानाने चपळ असतो. मोटर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर देते, गिअर बदलण्यात वेळ जात नाही. सिग्नलवरून निघताना किंवा पुलाच्या चढावर मागचे हॉर्न वाजवत आहेत, अशी पाळी तिच्यावर सहसा येत नाही. शिवाय चार चाकी ओढ गाडी सुटायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक लावल्यावर सगळी मदार टायर आणि रस्त्यावर असते. ओल्या घाटात जादा मोटरच्या भरवशावर वेग वाढवणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

घरात चालवणार कोण?

गाडी घेताना हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. घरात नुकतेच लायसन्स मिळालेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर दोन टनांहून जड गाडी सहा सेकंदांत शंभरचा वेग गाठते ही बाब कौतुकापेक्षा काळजीची आहे. इलेक्ट्रिक गाडीत वेग वाढताना इंजिनचा आवाज चढत नाही, त्यामुळे नवख्याला तो किती वाढला हेच कळत नाही. अशा गाड्यांत सहसा इको, सिटी, स्पोर्ट असे मोड असतात. नवख्या हातात गाडी देताना ती सौम्य मोडवरच राहील असा घरचा नियम करावा. वेगाची मर्यादा घालण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी.

मागच्या सीटवर बसणाऱ्यांचाही विचार हवा. झटकन उचललेला आणि पाय काढताच कचकन मंदावणारा वेग चालवणाऱ्याला गंमत वाटतो, पण मागे बसलेल्या आजींना मळमळते. पाय काढल्यावर गाडी किती आवरावी याची पातळी बहुतेक गाड्यांत कमी-जास्त करता येते. टेस्ट ड्राइव्हला जाताना म्हणूनच एकट्याने जाऊ नये. जी माणसे मागे बसणार आहेत त्यांना मागेच बसवून न्यावे.

विम्याची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २०२२ च्या अधिसूचनेने खासगी इलेक्ट्रिक गाड्यांच्या थर्ड पार्टी विम्याचे तीन गट केले. ३० किलोवॅटपर्यंत, ३० ते ६५ आणि ६५ च्या वर. मोठ्या गाड्यांचे दोन्ही प्रकार शेवटच्याच गटात येत असल्याने तिथे फरक पडत नाही. स्वतःच्या गाडीचा विमा मात्र किमतीवर ठरतो, तो महाग गाडीला जास्तच बसणार. वजन आणि जोर जास्त असला की टायरही लवकर झिजतात.

घरच्या प्लगचे गणित

मोठी बॅटरी घेणाऱ्यांपैकी बरेच जण चार्जिंगची चौकशी गाडी दारात आल्यावर करतात. घरच्या १५ अ‍ॅम्पियरच्या सॉकेटमधून तासाला साधारण ३ युनिट वीज जाते. ७५ युनिटची रिकामी बॅटरी त्यावर भरायला २५ तास लागतील. भिंतीवर बसवायच्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरवर हेच काम १०-११ तासांत होते. पण यात घाबरण्यासारखे काही नाही. रात्रीच्या १० तासांत साध्या सॉकेटवरही ३० युनिट, म्हणजे १५०-१८० किलोमीटरची सोय होते. ऑफिस, शाळा आणि बाजार धरून दिवसाला ४०-५० किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला एवढे पुरून उरते.

याचा अर्थ असा की ज्याला स्वतःच्या पार्किंगमध्ये सॉकेट आहे त्याला छोटी बॅटरीही चालते. आणि ज्याला नाही, त्याने मोठीच घ्यावी. कारण त्याला आठवड्यातून एकदा बाहेरच्या चार्जरवर जावे लागेल, तिथे वीज घरच्यापेक्षा महाग असते आणि वेळही मोडतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीची लेखी परवानगी, मीटरचा मंजूर भार आणि पार्किंगपर्यंत केबलचा खर्च, या तिन्ही गोष्टी बुकिंगपूर्वीच उरकून घ्याव्यात. वरच्या मॉडेलसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला थोडा भाग चांगल्या चार्जरवर आणि अर्थिंगवर घातला तर त्याचा उपयोग रोज होतो.

आठ वर्षांनंतर

भारतीय कुटुंब गाडी तीन वर्षांत बदलत नाही, आठ-दहा वर्षे वापरते. त्या काळात प्रत्येक बॅटरी थोडी थोडी क्षीण होते. पिकअप बराचसा तसाच राहतो, घटतो तो पल्ला. आज ३०० किलोमीटर जाणारी गाडी उद्या २६०-२७० वर येऊ शकते. ज्याने सुरुवातीला थोडा जास्त पल्ला घेतला त्याला ही घट जाणवत नाही. ज्याने काठोकाठ हिशेब केला त्याला गाव गाठताना एक थांबा वाढवावा लागतो. कंपन्यांची बॅटरीवरची आजीवन हमी पहिल्या मालकापुरती असते, दुसऱ्या मालकाला तीच मिळेल असे नाही. गाडी पुढे विकायची किंवा मुलाच्या नावावर करायची असेल तर हमीपत्रातला हा मजकूर आधी वाचावा.

बुकिंगपूर्वी घरात विचारायचे प्रश्न

● गेल्या वर्षभरात ३०० किलोमीटरपेक्षा लांबचे प्रवास किती वेळा झाले? ते बोटांवर मोजण्याइतकेच असतील तर मोठी बॅटरी ही सोय आहे, गरज नाही.

● त्या रस्त्यावर चार्जर कुठे आहेत? एका ठिकाणचा बंद असेल तर पुढचा किती दूर आहे?

● पार्किंगमध्ये वीज आहे का? नसेल तर पल्ल्याला पहिला मान.

● बर्फ, चिखल किंवा कच्चा चढ वर्षातून किती दिवस वाट्याला येतो? एकही दिवस येत नसेल तर दुसरी मोटर ही हौस समजावी.

● गाडी किती जण चालवणार आणि त्यातला सर्वांत नवखा कोण?

● वाढलेला हप्ता कोणत्या खर्चातून निघणार? मुलांची फी, आईवडिलांचा आरोग्य विमा, की बचत?

हौसेलाही घरात जागा असते. कमावत्या माणसाने वीस वर्षे नोकरी करून एकदा मनासारखी जोरदार गाडी घेतली तर त्यात गैर काहीच नाही. फक्त तिला हौस म्हणावे, गरजेचा मुलामा देऊ नये. मग घरातले बाकीचेही ती आनंदाने मान्य करतात. पण जिथे पैसा मोजूनमापून खर्च करायचा आहे आणि एकच गाडी साऱ्या घराची आहे, तिथे वाढीव पैसे आधी बॅटरीवर, मग घरच्या चार्जरवर आणि त्यानंतर काही उरलेच तर मोटरवर घालावेत. दोन सेकंद आधी पोहोचून कोणाचे काही अडत नाही. रात्रीच्या वेळी, पावसात, पाठीमागे झोपलेल्या मुलांसह पुढचे गाव गाठायचे असते, तेव्हा बॅटरीत उरलेले चाळीस किलोमीटर फार मोलाचे वाटतात.